धुतलेलं टाकं

मालवण,
१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय काकांस,
सा. न.

मी वर्षाली, हिंगणघाटची. तुम्हाला कदाचित आठवणार नाही. अकरावी-बारावीला मॅडमची विद्यार्थिनी होते आणि दोन हिवाळे पवनारला तुमच्या घरी आले होते. मॅडम गेल्याचं मला फार उशिरा कळलं. फेब्रुवारीत आम्ही प्रवाळांच्या पाहणीसाठी बोटीवर होतो आणि नंतर कोणी सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये मी नेहमीसारखं पत्र लिहायला घेतलं. वर्गातल्या मैत्रिणीला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, अगं, कोणाला लिहून राह्यली तू?

मॅडमचा नियम होता, की शिकून बाहेर पडलेल्यांनी वर्षातून दोनदा त्यांना निरीक्षण लिहून पाठवायचं. हालहवाल फोनवर, निरीक्षण कागदावर. मी नऊ वर्षं पाठवलं. आता ते कोणाला पाठवू हे कळत नाही, म्हणून या वेळचं तुम्हाला पाठवते. वाचलं नाही तरी चालेल.

सध्या इथे जेलीफिशचे दिवस आहेत. रापण ओढणारे वैतागले आहेत, कारण जाळ्यात माशांपेक्षा हेच जास्त. शंभर भागांतले पंच्याण्णव भाग पाणी असलेला हा प्राणी किनाऱ्यावर पडला की दुपारपर्यंत वाळूत नुसता ओला डाग उरतो. हाड नाही, रक्त नाही, मेंदू नाही. पण लोंबत्या धाग्यांसारख्या शुंडकांवर दंशपेशी आहेत आणि त्या मेल्यावरही भाजतात. माझा डावा हात आठ दिवस सुजला होता.

एक विचारायचं होतं. मागच्या अंगणातल्या लहान टाक्यातले मॅडमचे हायड्रा कसे आहेत?

तुमची,
वर्षाली


पवनार,
२८ सप्टेंबर २०२५

चि. वर्षाली,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला तू आठवतेस. तू वांग्याच्या वाफ्यात चप्पल हरवली होतीस.

तुझ्या मॅडमना १९ फेब्रुवारीला पहाटे छातीत दुखलं. वर्ध्याला नेईपर्यंत सगळं झालं होतं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. मुलगा स्वप्निल पुण्याला असतो. तो महिनाभर राहून गेला. मी बरा आहे. शेतात सांभार, म्हणजे तुमच्या मालवणची कोथिंबीर, आणि पालक आहे, वांगी फुलावर आहेत. सकाळी माल वर्ध्याच्या बाजारात जातो.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मेंदू नसलेला प्राणी इतका त्रास देतो हे नवीन कळलं.

टाकं आहे. ठीक आहे.

मी दहावीपर्यंत विज्ञान शिकलो, पुढे शेतकी. हायड्रा हा शब्द घरात पंचवीस वर्षं ऐकला, पण तो नेमका काय ते माहीत नाही. ती हिवाळ्यात टाक्यातून बाटली भरून कॉलेजात न्यायची. मला वाटायचं शेवाळ नेते. सवडीने लिहिशील तर बरं.

तुझा,
मनोहर काका


मालवण,
१२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय काका,

तुमचं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आणि चप्पल तुमच्या लक्षात राहील असं तर नाहीच.

हायड्राला आपल्या पुस्तकात जलव्याल म्हणतात. सुतळीचं टोक उसवून उभं धरलं की जसं दिसेल तसा तो असतो, नखाच्या अर्ध्याएवढा लांब. बुडाने पाण्यातल्या पानाला चिकटतो. वर तोंड आणि तोंडाभोवती सहा-आठ शुंडकं. पाण्यातला बारीक किडा शुंडकाला लागला, की दंशपेशी फुटतात आणि किडा जागीच थिजतो. जेलीफिश, प्रवाळ, समुद्रफूल आणि हायड्रा हे सगळे एका संघातले. बाकीचे जवळपास सगळे खाऱ्या पाण्यातच राहिले, हा गोड्या पाण्यात आला. मॅडम पहिल्या तासाला म्हणायच्या, समुद्र इथून आठशे किलोमीटर आहे, तिथले पाहुणे आपल्याकडे येणार नाहीत, पण त्यांचा चुलतभाऊ माझ्या टाक्यात राहतो, त्याला भेटून घ्या. मी समुद्र बाविसाव्या वर्षी पाहिला. त्याआधी पाच वर्षं मला तो तुमच्या टाक्यात दिसला होता.

त्यांची वाढ तुम्हाला लगेच कळेल. सेलूकडे केळीला बाजूने पील फुटतं, तसा हायड्राला अंगातून कोंब येतो. कोंबाला शुंडकं फुटली की तो सुटून वेगळा राहतो. बियाण्याची वाट पाहावी लागत नाही. नीट जपला तर त्याला म्हातारपण येताना दिसत नाही, असं ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं ते लिहितात.

एक आनंदाची गोष्ट. मॅडमच्या जागी रक्षा नावाची मुलगी लागली आहे. माझ्या दोन वर्षं मागे होती. तिला प्रात्यक्षिकासाठी जिवंत हायड्रा कुठून आणावा याची चिंता होती. मी तिला कळवलं, की काकांकडे टाकं जसंच्या तसं आहे. ती १६ डिसेंबरला अकरावीचा वर्ग घेऊन तुमच्याकडे येईल. तुम्हाला चालेल ना? मॅडमच्या वेळी जसं चालायचं तसंच.

तुमची,
वर्षाली


पवनार,
२ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षाली,

मुलं येऊ देत. घर मोकळंच आहे.

मला हायड्रा डोळ्याने पाहायचा आहे. टाक्यात कसा शोधायचा ते लिही. तिचं भिंग कपाटात सापडलं आहे. भिंग कितीचं लागतं?

केळीचं उदाहरण समजलं. प्रवाळाचं मात्र समजलं नाही. पोवळं म्हणजे दगड. अंगठीत घालतात. तो प्राणी कसा?

मनोहर काका


मालवण,
१० नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,

भिंग कोणतंही चालेल. मॅडमचं दहापटीचं होतं, तेच उत्तम. टाक्यातली पाण्यातली पानं आणि शेवाळ अलगद काढून काचेच्या पेल्यात टाका, वरून टाक्याचंच पाणी. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. पेला खिडकीत ठेवा आणि हलवू नका. चार-पाच तासांनी उजेडाच्या बाजूच्या काचेवर धाग्यासारखं काही लोंबताना दिसेल. पेल्याला टिचकी मारा. धागा आखडून ठिपका झाला तर तो हायड्रा. झाला नाही तर तो धागा.

प्रवाळाचं असं आहे, की दगड हे त्याचं घर. घर बांधणारे प्राणी हायड्रासारखेच, इवले, एकमेकांना चिकटून हजारोंनी राहतात आणि बुडाशी चुना साठवत जातात. एक पिढी मेली की तिच्या चुन्यावर दुसरी बसते. आपण अंगठीत घालतो ते रिकामं घर. इथल्या प्रवाळांच्या अंगात आणखी बारीक शैवाल राहतं. ते उन्हात अन्न करतं आणि भाडं म्हणून निम्म्याहून जास्त प्रवाळाला देतं. रंगही त्याचाच.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात इथलं पाणी तापलं आणि प्रवाळांनी ते शैवाल बाहेर टाकलं. पाण्यात उतरले तर खडकच्या खडक पांढरे, चुना मारल्यासारखे. बघणाऱ्याला वाटतं मेले. पण पांढरं पडलं म्हणजे लगेच मरण नाही. काही आठवडे ते उपाशी तग धरतात. पाणी निवलं तर शैवाल परत येतं आणि रंगही. आम्ही खूण करून ठेवलेल्या आठ जागांपैकी तीन ठिकाणी परत आला. पाच ठिकाणी नाही. कुठे येईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून आम्ही दर पंधरा दिवसांनी सगळीकडे जातो.

समुद्रफुलांचं पुढच्या वेळी लिहीन. ओहोटीला ती मिटून मुठीएवढी होतात आणि आमचे नवे विद्यार्थी त्यांच्यावर पाय देतात.

पहिला हायड्रा दिसला की तारीख कळवा.

वर्षाली


पवनार,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षाली,

तारीख कळवता येणार नाही. जे आहे ते लिहितो.

मी तुला टाकं ठीक आहे असं लिहिलं. ते टाक्याबद्दल खरं होतं. आतल्याबद्दल खोटं होतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी माझी मोठी बहीण कौशल्याबाई मागच्या अंगणात गेली. ती गिरडला दिलेली आहे, कामाला वाघ आहे, आणि त्या तेरा दिवसांत हे घर तिनेच चालवलं. ती म्हणाली, "मनोहर, उद्या चारशे मानूस येईन. हात धुवाले लोकं इकडंच येतीन. हे हिरवं टाकं पाहून काय म्हनतीन? बाई गेली आन घराची कळाच गेली, असं?"

तुझ्या मॅडमनी मला लग्नानंतर दोनच गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. पेपर तपासताना बोलायचं नाही, आणि मागच्या टाक्याला हात लावायचा नाही. मी पंचवीस वर्षं लावला नाही. का, असंही विचारलं नाही. आमच्यात तसं विचारण्याची पद्धत नव्हती. तिचं कॉलेज तिचं, माझं शेत माझं.

त्या दिवशी मी बादलीने सगळं पाणी उपसलं. गाळ काढला. काथ्याने चारही भिंती घासल्या. ब्लिचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी धुऊन चुना मारला. स्वप्निल म्हणत होता, बाबा, मजूर लावू. मी ऐकलं नाही. त्या तेरा दिवसांत मनापासून केलेलं तेवढं एकच काम. हाताला काही तरी होतं म्हणून तो दिवस गेला. लोकांनी दुसऱ्या दिवशी टाक्याची तारीफ केली.

हात लावायचा नाही ही तिची सूचना मला तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा आठवली. टाकं पावसाने परत भरलं होतं, कडेला थोडं शेवाळही धरलं होतं, म्हणून ठीक आहे असं लिहिलं. मग तू सांगितलंस तसं रोज पेले भरून ठेवले. दहा दिवस. डासांच्या अळ्या सापडल्या. एक लाल किडा सापडला. धागे पुष्कळ, टिचकी मारली तर एकही आखडला नाही.

तू प्रवाळाचं लिहिलंस, की पांढरं पडलं म्हणजे लगेच मरण नाही. मीच चुना मारलेला, त्यामुळे ते वाक्य मला लागलं, आणि थोडी आशाही वाटली. एवढं विचारतो, की असं काही हायड्राचं असतं का? कुठे बी वगैरे राहतं का?

नसेल तर मुलांना येऊ नका म्हणून कळव. ती पंचवीस वर्षं सांभाळत होती ते मी एका दिवसात धुतलं. मुलांपुढे कोणत्या तोंडाने उभा राहू?

मनोहर काका


मालवण,
५ डिसेंबर २०२५

आदरणीय काका,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हायड्रा कधी कधी अंडी घालतो, त्यांना टणक कवच असतं आणि ती कोरड्यातही टिकतात. पण ब्लिचिंग आणि वरून चुना, यातून ती वाचली असतील असं मला वाटत नाही. तुम्ही दहा दिवस पाहिलंत. टाक्यात काही नाही.

आता माझं. बारावीनंतर मॅडमनी मला त्या टाक्यातले सहा हायड्रा बरणीत दिले होते. ते मी नागपूरला नेले, तिथून इथे आणले. २०२१च्या वादळात पाच दिवस वीज नव्हती, खोली तापली, आणि सगळे गेले. मी मॅडमना वर्षभर कळवलं नाही. दोन पत्रांत "ठीक आहेत" असंच लिहिलं. तुम्ही वापरलेले शब्दही तेच. शेवटी लिहून टाकलं. त्यांचं उत्तर माझ्याकडे आहे. मूळ कागद मी देणार नाही, राग मानू नका. पण त्यातला भाग उतरवून पाठवते.

"तुझे मेले हे वाचलं. माझे आतापर्यंत चार वेळा मेले आहेत. एकदा मीच घाईत नळाचं पाणी भरलं होतं. एकदा उन्हाने. दोनदा कशाने ते कळलंच नाही. दर वेळी प्रयोगशाळेतल्या नत्थूला घेऊन धाम नदीवर जाते आणि शोधून आणते. एकदा सहा रविवार लागले. घरी बोलले नाही. उन्हाळा लागला की आमचे हे, कोणी न सांगता, टाक्यावर कापसाच्या पऱ्हाटीची सावली करतात. त्यांना वाटत असेल आत फार जुनं काही आहे. वाटू दे, सावली तरी होते. तू तारीख लिही, कारण लिही, कारण माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही. मग परत आण."

काका, मी रक्षाला काहीही कळवलेलं नाही. मुलं १६ तारखेला येतील. येऊ नका म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. तिचा नंबर खाली देते.

वर्षाली


पवनार,
२१ डिसेंबर २०२५

चि. वर्षाली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ११ तारखेला मिळालं. खरं सांगतो, आधी राग आला. पंचवीस उन्हाळे मी पऱ्हाट्या बांधल्या, त्यातले निदान दोन-तीन उन्हाळे रिकाम्या टाक्यावर. तिला एक शब्द बोलता आला असता. त्या दिवशी मी जेवलो नाही. रात्री ते "सावली तरी होते" पुन्हा वाचलं. ती तसंच बोलायची. मग हसू आलं, आणि बऱ्याच महिन्यांनी झोप लागली.

सकाळी नत्थूकडे गेलो. तो तिच्या प्रयोगशाळेत परिचर होता, आता निवृत्त आहे, गुडघे गेले आहेत. मी विचारलं, मॅडमबरोबर धामवर जायचास ते मला का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, "भाऊ, तुमी कधी इचारलं?" मी त्याला १६ तारखेला घरी यायला सांगितलं.

रक्षा मॅडमना मी फोन केला नाही. १६ तारखेला त्या एकतीस मुलं घेऊन आल्या. मुलं टाक्याभोवती उभी राहिली आणि पाहू लागली. मी भाषण कधी केलेलं नाही. मी म्हणालो, या टाक्यात हायड्रा होते. मार्चमध्ये मी ब्लिचिंग टाकून टाकं धुतलं आणि चुना मारला. मला माहीत नव्हतं, आणि मला हात लावू नका असं सांगितलेलं होतं. आता यात काही नाही.

मग पुढे उभी असलेली खुशी नावाची मुलगी म्हणाली, "म्हंजे काका, तुमी पूरं खानदानच साफ केलं."

सगळी हसली. रक्षा मॅडम तिच्यावर रागावल्या. मी म्हणालो, बरोबर बोलली ती. त्या मुलीने लगेच विचारलं, "मंग आता कुठून आनाचे?" नत्थू मागे खुर्चीवर बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "चाला."

नदीवर आम्ही नेहमीच्या घाटावर गेलो नाही. नत्थूने वाहत्या पाण्याला हात लावू दिला नाही. खडकांच्या मागे जिथे पाणी थांबतं, पानं पडून कुजतात आणि पाणगवत असतं, तिथे नेलं. म्हणाला, मॅडम गवत ओढत नसत, मुळापाशी कापून बाटलीत घेत. मुलांनी अठरा बाटल्या भरल्या. एक मुलगा कमरेपर्यंत भिजला. घरी येऊन बाटल्या ओसरीवर उन्हात मांडल्या. कौशल्याबाई योगायोगाने आलेली होती. तिने तुरीच्या शेंगा उकडून ठेवल्या होत्या. बाटल्या पाहून म्हणाली, "मी सांगतलं म्हनून यानं टाकं धुतलं, आन आता गावातली सारी घान ओसरीवर आनली." पण मुलं एकेका बाटलीपाशी डोळे लावून बसली तेव्हा तीही एकीपाशी बसली. आपण शेवटी त्या मुलांसारख्याच टिचक्या मारत होतो, असं नंतर तिने स्वतः कबूल केलं.

चार वाजता बस होती. तोपर्यंत काहीही दिसलं नाही. मुलं तशीच गेली. रक्षा मॅडम म्हणाल्या, काका, बाटल्या राहू देत, मी शनिवारी येते. त्यांना फार अपेक्षा होती असं वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस मी बाजारात मालाबरोबर गेलो नाही. १८ तारखेला सकाळी साडेनऊला ओळीतल्या अकराव्या बाटलीत, पाणगवताच्या पानाखाली, उजेडाच्या बाजूला एक धागा होता. करडा. भिंगातून सात शुंडकं मोजली. टिचकी मारली. ठिपका झाला. मी बसून राहिलो. पाच-सहा मिनिटांनी तो परत हळूहळू लांब झाला, आणि एकेक शुंडक बाहेर सोडलं. दुपारपर्यंत त्याच बाटलीत आणखी दोन दिसले. एकाला मधोमध कोंब आहे, कोंबाला अजून शुंडकं नाहीत. बाकी सतरा बाटल्यांत काही नाही.

तिने मला कधी बोलावून दाखवलं नाही आणि मी कधी जाऊन पाहिलं नाही. दोष काढायचा तर अर्धा अर्धा येतो. पण इतकं बारीक काही पाहायला ती रोज सकाळी टाक्यावर वाकून उभी राहायची आणि मी पाठमोरा चहा प्यायचो, एवढं मात्र मनात राहून गेलं.

काल रक्षा मॅडम आल्या. त्यांना बाटलीतला एक दिला. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी वर्ग इथेच आणू का. मी म्हणालो, आणा, पण आधी धामवर जाऊ. टाकं आधीच तीनदा साध्या पाण्याने धुऊन नदीच्या पाण्याने भरलं होतं, चुना खरवडला होता. त्यात उरलेले दोन सोडले. एक कोंबाचा आणि एक बिनकोंबाचा.

रक्षा मॅडमनी कॉलेजातून आणून दिलेल्या तिच्या टाक्याच्या वहीत शेवटची नोंद ११ फेब्रुवारीची आहे. तिच्याखाली ओळ सोडून मी लिहिलं आहे. मार्च २०२५, सगळे मेले, कारण ब्लिचिंग पावडर व चुना. आणि त्याखाली, २० डिसेंबर २०२५, धाम नदी, दोन.

तुझं निरीक्षण मला पाठवत जा, जून आणि डिसेंबरला. समुद्रफुलांचं राहिलं आहे. माझंही येईल. हे दोन जगले तर किती झाले ते कळवीन. मेले तर तेही कळवीन.

तुझा,
मनोहर काका